ऑफिसातले ऑनलाइन कोर्स: बनवतात सगळे, सांभाळतो कोण?

घाटवाट (सोमवार रात्री)

मी एका मोठ्या बँकेच्या प्रशिक्षण केंद्रात आहे. बँकेचं नाव विचारू नका. मूळची शाखेतली, कॅश आणि कर्ज दोन्ही केलेली. बदली होऊन इकडे आले आणि "तुम्हाला कॉम्प्युटरचं बरं कळतं" म्हणत एलएमएस (ऑनलाइन कोर्स चालवणारी आणि कोणी काय पूर्ण केलं याची नोंद ठेवणारी प्रणाली) माझ्या गळ्यात मारला. आमचा एलएमएस म्हणजे मूडल नावाचं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर, आमच्याच डेटा सेंटरमध्ये बसवलेलं.

अडचणी सांगते, जाणकारांनी मार्ग सुचवावा.

एक तर मार्च. सायबर सुरक्षा, केवायसी, पॉश (कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखण्याचा कायदा) हे सक्तीचे कोर्स ३१ मार्चपर्यंत पूर्ण करायचे असतात आणि लोकांना ते शेवटच्या आठवड्यात आठवतात. साइट अक्षरशः झोपते. आयटीवाले म्हणतात क्लाउडवर न्या, साहेब म्हणतात डेटा आपल्या घरातच हवा. मधल्या मध्ये एक व्हेंडर रोज नवीन प्लॅटफॉर्मचं प्रेझेंटेशन घेऊन दारात उभा.

दुसरं म्हणजे जुने कोर्स. एकूण कोर्स किती, याची यादीच कुठे नव्हती. ती करायला बसले तर काही कोर्स उघडल्यावर नुसता पांढरा चौकोन दिसतो. फ्लॅशमध्ये (ब्राउझरमध्ये अ‍ॅनिमेशन चालवायचं जुनं तंत्र) केलेले होते! फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० रोजी संपलं, कोर्स मात्र यादीत जसेच्या तसे. फसवणुकीवरच्या कोर्समध्ये निवेदिका अजून "भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० नुसार" म्हणते. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झालीय. आणि हा कोर्स नवीन भरती झालेली मुलं आजही करतात, पास होतात, प्रमाणपत्र घेतात.

क्लाउड की डेटा सेंटर? आणि जुन्या कोर्सचं काय करायचं?

कटिंग (सोमवार रात्री)

आमच्याकडे (बँक नाही, कारखाना) सोपी पद्धत आहे. पाळीतला एक जण कोर्स करतो आणि उत्तरं ग्रुपवर टाकतो: १-ब, २-ड, ३-अ. बाकीचे जेवणाच्या सुट्टीत नेक्स्ट-नेक्स्ट-फिनिश. एका तरण्याने दोन टॅबमध्ये दोन कोर्स एकदम लावले होते, दोन्हींचा आवाज बंद. त्याला 'उत्कृष्ट प्रशिक्षणार्थी'चं प्रमाणपत्र आलं. चालू द्या, वाचतोय.

काळा_पडदा (सोमवार, उशिरा)

सर्व्हर कुठे ठेवायचा हा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्या. मार्चात साइट झोपते ती जागेमुळे नव्हे. तुमच्या आयटीला हे विचारा:

व्हिडिओ मूडलमध्येच अपलोड केलेत का? मूडल प्रत्येक फाइल देताना आधी हा माणूस ती बघू शकतो का हे तपासतं, आणि सेटिंग मुळातलंच असेल तर फाइल पोचेपर्यंत पीएचपीची (मूडल ज्या भाषेत लिहिलंय ती) एक प्रक्रिया अडकून राहते. शाखेत नेट मंद असेल तर ती बराच वेळ अडकते. अशा प्रक्रिया संपल्या की लॉगिनचं पानसुद्धा उघडत नाही, आणि लोक म्हणतात सर्व्हर पडला. एक्स-सेंडफाइल हे सेटिंग चालू केलं की फाइल पाठवायचं काम वेब सर्व्हर करतो. त्याहून बरं म्हणजे व्हिडिओ वेगळ्या सर्व्हरवर हलवा.

सेशन (कोण लॉगिन आहे याची तात्पुरती नोंद) कुठे साठवता? रेडिसमध्ये (मेमरीत माहिती ठेवणारा वेगवान साठा) ठेवा. लोकल कॅश (पुन्हा पुन्हा लागणाऱ्या माहितीच्या तात्पुरत्या प्रती) शेअर्ड डिस्कवर असेल तर ती ज्या त्या सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर आणा.

क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सर्व्हरवरची सोय) दर मिनिटाला चालतो का? हे आधी बघा. कोर्स पूर्ण केल्याची नोंद, स्मरणपत्रं, रिपोर्ट, सगळं त्याच्यावर. "मी कोर्स पूर्ण केला पण दिसत नाही" अशा तक्रारी येत असतील तर आधी तिथे बघायचं.

बॅकअप कसला घेतात? नुसता डेटाबेसचा घेत असतील तर त्याला बॅकअप म्हणू नका. खऱ्या फाइल्स मूडलडेटा नावाच्या फोल्डरमध्ये असतात, तेही मूळ नावाने नाही, हॅशच्या (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या लांब सांकेतिक आकड्याच्या) नावाने. नुसता डेटाबेस परत आणलात तर कोर्सची नावं दिसतील, आत काही नाही.

आणि आवृत्ती कोणती आहे? ४.१ ला सुरक्षा-दुरुस्त्या मिळणं डिसेंबर २०२५ मध्ये थांबलं. ४.५ ही दीर्घकाळ आधार असलेली आवृत्ती आहे, तिला ऑक्टोबर २०२७ पर्यंत मिळतील. ४.५ च्या आधीचं काही चालवत असाल तर व्हेंडर, क्लाउड सगळं बाजूला ठेवा आणि आधी अपग्रेड करा.

जुना_खातेदार (मंगळवार सकाळी)

मी बँकेच्या विधी विभागातून निवृत्त झालो. घाटवाटताई, एक विनंती. घाईघाईत ४२० खोडून ३१८ लिहून मोकळ्या होऊ नका. फसवणुकीचं कलम आता न्याय संहितेचं ३१८, त्यातलं पोटकलम ४ हे जुन्या ४२० च्या जागी आलंय, हे बरोबर. पण शाखेतल्या माणसाचा खरा संबंध त्याच्याशी नाही. तो येतो साक्षीपुराव्याशी.

पोलीस येतात, खात्याचा उतारा आणि सीसीटीव्हीचं फुटेज मागतात. त्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. आम्ही आयुष्यभर त्याला 'पासष्ट-ब' म्हणत आलो, म्हणजे १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ६५ब. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. नुसता आकडा बदललेला नाही. प्रमाणपत्राचा नमुनाच कायद्याच्या अनुसूचीत दिलाय, त्याचे दोन भाग आहेत: भाग अ पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. त्यात फाइलचं हॅश मूल्यही नोंदवायचं असतं. पूर्वी शाखाधिकारी लेटरहेडवर चार ओळी टाइप करून सही ठोकायचा, ते दिवस गेले.

म्हणजे तुमच्या कोर्समधली एक स्लाइड बदलून भागणार नाही. हॅश कसं काढायचं, भाग ब वर कोण सही करणार, फुटेज पेन ड्राइव्हवर उतरवण्याआधी काढायचं की नंतर, हा अख्खा पाठ नव्याने लिहावा लागेल. तो आयटी आणि विधी विभागाने एकत्र बसून लिहायचा आहे, व्हेंडरच्या कंटेंट रायटरने नव्हे.

जाता जाता: पॉश दरवर्षी करायचं हे बँकेचं धोरण असू शकतं. २०१३ च्या कायद्याच्या कलम १९ मध्ये कार्यशाळा आणि जागृतीचे कार्यक्रम नियमित अंतराने घ्यावेत असं आहे. कोर्समध्ये 'कायद्यानुसार दरवर्षी' असं लिहिलं असेल तर तेही सुधारा.

घाटवाट (मंगळवार दुपारी)

जुना_खातेदारकाका, ६५ब चं डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या कोर्समध्ये तो लेटरहेडचा मजकूर 'नमुना' म्हणून डाउनलोडला ठेवलाय. आजच काढून टाकते.

काळा_पडदा, आयटीला विचारलं. क्रॉन बंदच होता. मागे सर्व्हर बदलला तेव्हा जुन्यावरची क्रॉनची ओळ नव्यावर कोणी टाकलीच नाही. मध्ये कोणीतरी हाताने चालवत होतं म्हणे, त्यांची बदली झाली. चालू केल्या केल्या तुंबलेली सगळी स्मरणपत्रं एकदम सुटली. निवृत्त झालेल्या एका साहेबांना त्यांच्या खासगी मेलवर "आपला केवायसी कोर्स अपूर्ण आहे" असं पत्र गेलं. त्यांचा फोन आला होता. हसत होते, बरं झालं.

काळा_पडदा (मंगळवार दुपारी)

निवृत्त माणूस यादीत राहिलाच कसा? एचआरची यादी आणि एलएमएसची यादी रोज रात्री जुळली पाहिजे. गेला तो निलंबित करा, डिलीट करू नका, ऑडिटला त्याच्या नोंदी लागतात. ओळख नेहमी कर्मचारी क्रमांकावर ठेवा. ईमेल बदलतो, लग्नानंतर नाव बदलतं, आणि कंत्राटी लोकांना तर ऑफिसचा मेलच नसतो.

स्टोरीवाली (मंगळवार संध्याकाळी)

मी पलीकडच्या बाजूची, कोर्स बनवून देणारी. शिव्या खायची तयारी ठेवून लिहिते.

घाटवाट, आधी कपाटात शोधा, तुमच्याकडे कोर्सच्या सोर्स फाइल्स आहेत का. बहुतेक नसतील. व्हेंडर देतो ती झिप, प्रकाशित केलेलं स्कॉर्म पॅकेज (स्कॉर्म म्हणजे कोर्स आणि एलएमएसने एकमेकांशी कसं बोलायचं याचं मानक). त्यात एक वाक्य बदलायचं तरी मूळ प्रोजेक्ट फाइल लागते, आणि ती आमच्या हार्ड डिस्कवर असते. करारात मागितलेली नसेल तर आम्ही देत नाही, आणि दर बदलाला नवं कोटेशन लावतो. सगळा धंदा असाच चालतो, मी गोड शब्दांत सांगत नाही. पुढच्या करारात एवढं घाला: प्रोजेक्ट फाइल, वेगवेगळ्या आवाज-फाइल्स, फॉन्ट, चित्रांचे परवाने आणि तिन्ही भाषांची संहिता वर्डमध्ये. ते मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडायचा नाही.

आता "पूर्ण केला तरी अपूर्ण दिसतो" याबद्दल. क्रॉन हे एक कारण झालं. दुसरं असं: लोक शेवटच्या स्लाइडवर येतात आणि कोर्समधलं 'बाहेर पडा' न दाबता कोपऱ्यातली फुली मारतात. स्कॉर्ममध्ये कोर्सने एलएमएसला "संपलं, नोंद कर" असं सांगावं लागतं. खिडकी तशीच बंद केली तर तो निरोप काही वेळा पोचतच नाही. त्यामुळे 'पूर्ण' ही नोंद शेवटच्या स्लाइडच्या आधीच पाठवायला सांगा. आभाराच्या स्लाइडवर ठेवू नका, तिथपर्यंत कोणी थांबत नाही.

तिसरं कारण स्कॉर्म १.२. ते २००१ चं आहे आणि अजून सगळीकडे तेच वापरतात. तुम्ही कुठे थांबलात ही माहिती ठेवायला त्यात ४०९६ अक्षरांची जागा आहे. कोर्स लांबलचक असला की ती जागा संपते, आणि उद्या उघडल्यावर माणूस परत पहिल्या स्लाइडवर. मग तो तुम्हाला फोन करतो. कोर्सचे तुकडे करा, किंवा पॅकेज स्कॉर्म २००४ मध्ये काढता येतं का बघा, तुमच्या एलएमएसला ते पेलतं का हे तपासूनच. मूडल १.२ नीट सांभाळतं, २००४ पूर्ण नाही. त्यामुळे तुमच्यासाठी तुकडे करणंच बरं.

कटिंग (मंगळवार संध्याकाळी)

म्हणजे मी फुली मारतो म्हणून एचआरच्या बाई मला मेल पाठवतात? माझा समज होता त्यांचं माझ्यावर लक्ष आहे.

स्वरगंध (मंगळवार रात्री)

मीही बँकेत आहे, दुसऱ्या. मला दिसत नाही, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरतो. एक सक्तीचा कोर्स मला आजवर एकट्याने पूर्ण करता आलेला नाही. स्क्रीन रीडर काय वाचतो ते ऐका: "बटन. बटन. बटन. चित्र ४७. बटन." कुठल्याही बटनाला नाव नाही. मग एक प्रश्न येतो, योग्य शब्द उचलून योग्य चौकटीत टाका. माउसने. तिथे माझा कोर्स संपतो. शेजारच्या टेबलावरचा सहकारी येऊन माझ्या नावाने तो पूर्ण करतो. प्रमाणपत्र माझं, शिकला तो.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. स्टोरीवाली, तुमच्या करारात ही ओळ घालायला सांगाल का: माउसला हात न लावता, फक्त कीबोर्डवर कोर्स पूर्ण होतो हे दाखवल्याशिवाय स्वीकारणार नाही. सांगायचंय ते मला इतकंच.

स्टोरीवाली (मंगळवार रात्री)

सांगेन. ओढून टाकायचे प्रश्न आम्ही डेमोत छान दिसतात म्हणून घालतो, शिकवण्याशी त्यांचा संबंध फारसा नसतो. त्यांच्या जागी साधा पर्यायी प्रश्न ठेवला तर काहीही बिघडत नाही. बटनांना नावं द्यायची सोय टूलमध्ये असते, कोणी मागत नाही म्हणून भरत नाहीत.

फळा_खडू (बुधवार)

जिल्हा परिषद शिक्षक. आमची 'निष्ठा' ही शिक्षकांची प्रशिक्षणं ऑक्टोबर २०२० पासून 'दीक्षा' या सरकारी प्लॅटफॉर्मवर ऑनलाइन झाली. दीक्षा सनबर्ड या मुक्त स्रोत प्रणालीवर उभी आहे, एकस्टेपने बनवलेल्या. सगळ्या देशभरातले शिक्षक एकाच प्लॅटफॉर्मवर, तरी चाललं, कारण एकतर कोर्स मोबाइलवर चालत होते, आणि दुसरं म्हणजे गट करून ठरावीक तारखांना उघडायचे आणि बंद व्हायचे. घाटवाटताई, सगळ्यांना ३१ मार्चची एकच तारीख देताच कशाला? विभागवार महिने वाटून द्या. कोकण सप्टेंबरात, विदर्भ नोव्हेंबरात. आमच्या केंद्रप्रमुखांना हे सुचतं तर बँकेला का सुचू नये?

काळा_पडदा (बुधवार)

फळा_खडू +१. पैसे लागत नाहीत, सर्व्हर वाढवायला लागत नाही. माझ्या वरच्या सगळ्या प्रतिसादापेक्षा हे चांगलं.

घाटवाट (गुरुवार)

विभागवार तारखांचं टिपण साहेबांना दिलं. "बघू" म्हणाले. आमच्याकडे 'बघू' म्हणजे अर्धा होकार.

ज्यावर अडलंय ते सांगते. ६५ब चा पाठ सुधारायला विधी विभागात गेले. ते म्हणाले, कोर्स प्रशिक्षण केंद्राचा, आमचं काम मत देण्याचं, पत्र पाठवा. आयटी म्हणतं, आम्ही सर्व्हर बघतो, मजकूर नाही. कोर्स ज्या साहेबांनी करून घेतला ते केव्हाच दुसऱ्या झोनला गेले. उद्घाटनाचा फोटो आहे, दीपप्रज्वलनाचाही आहे. पण कोर्स कोणाचा, हे कुठल्याही कागदावर नाही. यादीतल्या बहुतेक सगळ्या कोर्सची हीच कथा.

जुना_खातेदार (गुरुवार)

पत्र पाठवाच, पण मजकूर असा ठेवा: "सदर कोर्समधील कायदेशीर तरतुदी अद्ययावत असल्याचे आपल्या विभागाने अमुक तारखेपर्यंत प्रमाणित करावे, अन्यथा कोर्स थांबवण्यात येईल व तशी माहिती ऑडिटला देण्यात येईल." ऑडिट हा शब्द वाचला की विधी विभाग हलतो. मी तिथेच होतो, मला माहीत आहे.

क्लाउडबद्दल साहेबांना एक सांगा. रिझर्व्ह बँकेने आयटी सेवा बाहेर देण्याबाबतचे निर्देश १० एप्रिल २०२३ ला काढले, ते १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले. तुमची व्यवस्था सध्याच्या निर्देशांच्या कक्षेत कशी येते हे कंप्लायन्सला (नियमपालन बघणाऱ्या विभागाला) करार करण्याआधी विचारा. ऑडिटचा हक्क, बाहेर पडायची योजना, डेटा परत मिळण्याची हमी, हे सगळं लेखी लागेल. प्रेझेंटेशनवाल्याला 'एक्झिट'ची स्लाइड दाखवायला सांगा, चेहरा बघण्यासारखा होतो.

काळा_पडदा (गुरुवार रात्री)

तारीख उलटली की कोर्स आपोआप लपवायचं काम मूडलच्या वेळापत्रकात तयारच असतं, फक्त मुळात बंद ठेवलेलं असतं. ते चालू करा. प्रत्येक कोर्सला शेवटची तारीख द्या, वर्षभरापेक्षा लांबची नाही. ज्या विभागाचा विषय आहे त्याने सही केली तरच तारीख पुढे ढकलायची. नाहीतर दिवा विझला.

यॉर्कशायरी_चहा (शुक्रवार)

इंग्लंडमध्ये सरकारी रुग्णालयात आहे. सक्तीचे कोर्स आपोआप लपवण्याबद्दल मला शंका आहे. आग, संसर्ग नियंत्रण, रुग्णाला उचलणं असले कोर्स एक दिवस गायब झाले तर त्या दिवशी रुजू झालेल्या नर्सला वॉर्डात पाठवता येत नाही. कोर्स कोणाचा हे ठरवून घ्या, पण लपवण्याआधी माणसाने बघितलं पाहिजे. आमच्याकडे एक गोष्ट चांगली आहे: सक्तीच्या प्रशिक्षणाची समान चौकट असल्यामुळे एका ट्रस्टमध्ये (रुग्णालयं चालवणारी सरकारी संस्था) केलेला कोर्स दुसऱ्या ट्रस्टमध्ये धरता येतो. तुमच्या बँकेत झोन बदलला की परत करायला लावतात का?

घाटवाट (शुक्रवार)

लावतात! कारण प्रत्येक झोनने आपापली प्रत काढून ठेवलीय.

लपवण्याबद्दल तुमचं पटलं. सक्तीच्या कोर्सना फक्त तांबडी पट्टी आणि कंप्लायन्सला मेल, बाकीचे तारखेला बंद. काळा_पडदा रागावू नका.

काळा_पडदा (शुक्रवार)

रागावलो नाही. पण तांबडी पट्टी कोणी वाचत नाही हे लिहून ठेवा.

आणि कोर्स सुधाराल तेव्हा जुन्याच जागी नवीन झिप दडपू नका. नियम बदलले असतील तर नवा कोर्स, नवा कोड, उदाहरणार्थ 'फसवणूक-२०२६-मराठी'. जुना बंद करून नोंदींसकट ठेवा. नाहीतर उद्या चौकशीत विचारतील की या कर्मचाऱ्याने जुना कायदा शिकला होता की नवा, आणि एलएमएस सांगेल, 'फसवणूक: पूर्ण'. तसंच पूर्णतेच्या अटी बदलताना मूडल विचारतं, कुलूप काढून नोंदी पुसू का? तिथे घाईत 'हो' दाबलं की झोनभरच्या लोकांचे हिरवे टिक गेले.

फळा_खडू (शनिवार)

अवांतर: मराठीत नाव असलेल्या प्रमाणपत्राचं काही जमलं का कोणाला? आमच्या तालुक्याच्या मूडलवर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून पडतात. 'क्षीरसागर' सरांनी आपलं प्रमाणपत्र फ्रेम करायला नकार दिला.

काळा_पडदा (शनिवार)

फॉन्टचा दोष नाही. मूडल पीडीएफ टीसीपीडीएफ नावाच्या लायब्ररीने काढतं, त्याला देवनागरीची अक्षरजुळणी येत नाही, कुठलाही फॉन्ट घातलात तरी. एमपीडीएफ या दुसऱ्या लायब्ररीला येते. नाहीतर प्रमाणपत्राचं साधं वेबपान करा आणि ब्राउझरमधून प्रिंट काढा, तिथे अक्षरं नीट जुळतात.

घाटवाट (पुढचा बुधवार)

काकांच्या शब्दांत पत्र गेलं. विधी विभागाने एका अधिकाऱ्याचं नाव लेखी दिलं आणि पाठ लिहायला आयटीचा एक मुलगाही मिळाला. व्हेंडर जुन्या कोर्सची प्रोजेक्ट फाइल द्यायला तयार नाही, नव्याने बनवायचं कोटेशन पाठवलंय. नवा पाठ होईपर्यंत निदान निवेदिकेचं ते '४२०' तरी बदलता येईल का? संगणकाचा मराठी आवाज वापरून पाहिला, तो 'चालू खातं' आणि 'जमा' असे म्हणतो की शाखेतले लोक हसत बसतील.

स्टोरीवाली (बुधवार रात्री)

करारात बदल करायला मनाई नाही ना, ते आधी बघा. नसेल तर झिप उघडा, आतल्या फोल्डरमध्ये एमपी३ फाइल्स असतात, एकेक वाजवून ती शोधा. स्वच्छ आवाजाच्या सहकाऱ्याकडून फोनवर तेवढंच वाक्य रेकॉर्ड करून घ्या, पंखा बंद करून. फाइलचं नाव तेच ठेवा. लांबी मूळ फाइलएवढीच हवी, कारण स्लाइड जुन्या वेळेवरच पुढे सरकते. 'भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ नुसार' थोडं लांब होईल, मागचा श्वास कापा. मॅनिफेस्ट फाइलला (पॅकेजात काय काय आहे त्याची यादी) हात लावू नका, म्हणजे लोकांचे अर्धवट राहिलेले प्रयत्न तसेच राहतील. आधी चाचणीच्या कोर्समध्ये चढवून बघा, ब्राउझरची कॅश पुसून, नाहीतर जुनाच आवाज ऐकू येईल आणि वाटेल बदललंच नाही.